अननस छाप रेनकोट

२ तारीख, सोमवार

ही वही शाळेतली आहे. निवृत्त झालो तेव्हा प्रयोगाच्या तीन कोऱ्या वह्या उरल्या होत्या, त्या विचारून घरी आणल्या. डावं पान आकृतीसाठी, उजवं निरीक्षणासाठी. आकृती काढावी असं आयुष्यात काही घडत नाही, म्हणून तिन्ही कोऱ्या राहिल्या. आज पहिली आकृती काढली. इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक. लांबी नऊ सेंटिमीटर, रुंदी जास्तीत जास्त सहा.

भोक दादाच्या रेनकोटला पडलं आहे. मी पाडलं आहे.

क्रमाने लिहितो. दादाला जाऊन सात महिने झाले. तो यंत्रांची, गाड्यांची, बाकांची कव्हरं शिवायचा. त्याचे हात फार लांब होते. बाजारातल्या कुठल्याही रेनकोटच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या चार बोटं आधीच संपायच्या. म्हणून बारा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच एक शिवला. फिका हिरवा, मऊ, आवाज न करणारा. तसलं कापड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आतल्या खिशावर अर्ध्या अननसाचं चित्र आहे. ती परदेशी कारखान्याची छाप, असं दादा सांगायचा. अननस छाप.

पुतणीला आम्ही खार म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसायची नाही. हात बापावर गेले आहेत. तिला नद्यांची पातळी मोजणाऱ्या खात्यात नोकरी लागली आहे. पंचवीस तारखेला निघायचं. काम नदीकाठी उभं राहून करायचं, आणि त्या भागात आठवड्यातले पाच दिवस पाऊस. काल ती रेनकोट घेऊन माझ्याकडे आली.

"काका, ट्रंकेत राहून चुरगळलाय. तू लॅबवाला आहेस, नीट करून दे. पहिल्या दिवशी मला हाच घालायचाय."

मी म्हटलं, ठेव.

दादा शिवणी बसवायला इस्त्रीच वापरायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मी इस्त्री फिरवली. डावी बाही. एक सेकंदही लागला नसेल.

एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो की आधी छोट्या तुकड्यावर करून बघा.

३ तारीख, मंगळवार

कोणाला सांगितलेलं नाही. ठरवलं आहे की तेच कापड शोधायचं, ठिगळ लावायचं आणि मग सांगायचं. हातात बावीस दिवस आहेत.

इस्त्रीला चिकटलेला तुकडा खरवडून काढला. हा नमुना. घरी स्क्रूगेज आहे. जळलेली कड सोडून जाडी मोजली. ०.३० मिलिमीटर. पाण्यावर तरंगतो. वास नाही. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी तितकाच मऊ.

खरवडताना बोट भाजलं.

५ तारीख, गुरुवार

छत्र्या-रेनकोटच्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण, तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"काका, कोणता रंग दाखवू?"

मी म्हटलं, "कापड कोणतं आहे ते सांगा."

"कापड कोण विचारतं? लोक रंग विचारतात, खिसे विचारतात, मोबाइल भिजेल का विचारतात." मग त्याने एक काळा रेनकोट माझ्या अंगावर टाकला. "हा घ्या. पीव्हीसी. आत हत्ती घातला तरी फाटायचा नाही."

हत्तीला नको आहे, मुलीला हवा आहे, हे उत्तर मला बसमध्ये सुचलं.

त्याच्याकडे तीन प्रकार होते. एक, पीव्हीसी. जड, वास उग्र, घडी उलगडली की पापड मोडल्यासारखा आवाज. दोन, नायलॉन, आतून लेप दिलेलं. हलकं, वागवायला उत्तम, पण ते विणलेलं कापड आहे, आपलं विणलेलं नाही. तीन, अगदी पातळ पॉलिथिन, एकदा घालायचं आणि फेकायचं. त्याला रेनकोट म्हणणं म्हणजे पिशवीला बाह्या लावणं. तिन्ही एकेक आणले. प्रयोग करायचा तर नमुना हवा.

अननस छाप असं विचारलं, तर तो म्हणाला, "ज्यूस पलीकडच्या गल्लीत मिळतो."

एक आठवलं. बारा वर्षांपूर्वी दादाने याच कापडाचा तुकडा माझ्याकडे तपासायला आणला होता. मी शाळेत तीन दिवस ठेवून घेतला आणि अर्धं पान अहवाल लिहून दिला होता. त्यात काय लिहिलं ते आता आठवत नाही. आठवलं असतं तर किती सोपं झालं असतं.

८ तारीख, रविवार

रविवारी जेवायला वहिनींकडे. दादा असल्यापासूनचा रिवाज, तो वहिनींनी मोडलेला नाही. चौघांचं टेबल, आता तीन माणसं. दादाची खुर्ची आहे तिथेच.

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे.

"भावजी, तुम्ही आणि बिनइस्त्रीचा शर्ट? सूर्य कुठे उगवलाय म्हणायचा?"

"इस्त्री बिघडली आहे."

"आणि बोटाला काय झालं?"

"तीच बघत होतो."

"अस्सं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "प्लास्टिक जळल्याचा वास फार दिवस जात नाही हो. भिंतीतसुद्धा बसतो."

हे त्या कशावरून बोलल्या कळलं नाही. बहुधा त्यांच्या स्वयंपाकघरात काही जळलं असेल.

खारीने विचारलं, "रेनकोट झाला का?"

मी म्हटलं, काम चालू आहे. खोटं नाही.

त्यांच्या टेबलावरचं निळ्या चौकटीचं कापड आजही सारखं घसरत होतं. खाली काहीतरी गुळगुळीत आहे. मी कोपऱ्याखाली हात घालून ते ओढून बसवणार होतो, तर वहिनी ताटावरून उठून आल्या. "राहू द्या, राहू द्या, मी करते." पाहुण्याला त्या कधी कामाला हात लावू देत नाहीत. स्वभाव.

१० तारीख, मंगळवार

आज मजल दरमजल सहा दुकानं. सायकलच्या दुकानात ईव्हीए नावाचा प्रकार मिळाला. अर्धपारदर्शक, मऊ, वास नाही. दुकानदारीण बाईंना म्हटलं, एक वाटीभर पाणी मिळेल का?

"प्यायला ग्लास देते की."

"प्यायला नको. हे तरंगतं का बघायचं आहे."

त्यांनी वाटी दिली, त्याच कापडाची एक चिंधी दिली, आणि दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून बघत राहिल्या. तरंगलं. त्या म्हणाल्या, "वा," जसं काही मीच तरंगलो होतो.

पण स्क्रूगेज म्हणतं ०.१५. आपल्या कापडाच्या निम्मं. जात तीच, अंग नाही. तरी दिशा सापडली. आपलं कापड ईव्हीए कुळातलं आहे, हे नक्की. बाईंना अननस विचारला. त्यांनी खरोखर तीन खोकी उघडून पाहिली. बाजारात कोणी माझ्यासाठी खोकं उघडेल अशी माझी समजूत नव्हती.

१२ तारीख, गुरुवार

घरात आता आठ रेनकोट. दोरी बांधून ओळीने टांगले आहेत. खोलीत आठ माणसं भिंतीला तोंड करून उभी असल्यासारखं दिसतं. पण सोबत वाटते.

आज भिजवण्याची चाचणी. रेनकोट घालायचा, खिशांत, काखेत, पाठीवर टिपकागद ठेवायचे, शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहायचं, आणि मग टिपकागदावरचे ओले डाग मोजायचे. तिसऱ्या रेनकोटला दाराची घंटा वाजली. मी तसाच गेलो. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांच्या छताला ओल आली होती. त्यांनी माझ्या टोपीपासून पायांपर्यंत पाहिलं.

"बाहेर तर ऊन आहे."

"हो."

"मग?"

"प्रयोग चालू आहे."

त्यांनी माझ्या मागे दोरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यांतला कुठला चांगला निघाला? माझ्या नातीला घ्यायचाय."

त्यांना आत बोलावलं. सात महिन्यांत माझ्याकडे खारीखेरीज कोणी आलं नव्हतं. एकच खुर्ची, तीही ओल्या कपड्यांनी भरलेली. त्या उभ्या उभ्याच दोरीवरचे रेनकोट चाचपत होत्या. मी नायलॉनच्या शिवणी दाखवल्या. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं, हे सांगितलं. मी सलग वीस मिनिटं बोललो. गेल्यावर लक्षात आलं.

छताबद्दल त्यांनी परत काही काढलं नाही.

१३ तारीख, शुक्रवार

प्लास्टिकच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेलो. पत्ता सायकलवाल्या बाईंनी दिला. गोदाम म्हणजे भुयार, दोन्ही बाजूंना छतापर्यंत गुंडाळ्या. व्यापारी म्हातारे, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. त्यांनी नमुना घेतला, डोळ्यांना लावला नाही, गालाला लावला. मग दोन बोटांत चोळला.

"हे रेनकोटचं कापड नाहीच."

मी म्हटलं, "बारा वर्षं रेनकोट म्हणूनच वापरलं आहे."

"वापरायला मी माझ्या टोपीत आंबेसुद्धा आणतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरी जेवायचं टेबल आहे का तुमच्या?"

प्रश्न जरा खासगी होता, पण वयाचा मान ठेवून सांगितलं की मी एकटा असतो, स्टुलावर ताट ठेवून जेवतो.

"कोणाकडे तरी जेवत असाल की टेबलावर."

"दर रविवारी. वहिनींकडे."

"झालं तर मग," म्हातारे म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. "जा, रविवारी पोटभर जेवा."

एकट्या माणसाची काळजी करणारी माणसं असतात. बरं वाटलं. पण कापडाचा प्रश्न सुटला नाही.

१५ तारीख, रविवार

पोटभर जेवलो. व्यापाऱ्यांची हकिकत सांगितली, भोकाचा भाग वगळून. म्हटलं, अननस छापाची चौकशी सहज करून ठेवतो आहे, पुढेमागे लागली तर असावी. खारीला पाणी पिताना ठसका लागला. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिल्या.

बाहेर आल्या त्या गंभीर होऊन. "भावजी, एवढी पायपीट नका करू. मिळायचं तर बसल्या जागी मिळतं."

"बसून कसं मिळेल वहिनी? चौदा दुकानं झाली."

"चौदा," वहिनी म्हणाल्या, आणि टेबलावरच्या कापडाचं टोक चिमटीत धरून बसल्या. "हे आज धुवायला काढावं म्हणते." मग दादाच्या खुर्चीकडे पाहिलं आणि टोक सोडून दिलं. "जाऊ दे. शब्द दिलाय."

धुण्याचा शब्द कोणाला देतात, ते मी विचारलं नाही. दादा गेल्यापासून त्या कधी कधी असं अर्धवट बोलतात. मीही बोलतो.

१८ तारीख, बुधवार

आता मला बाजारात ओळखतात. छत्र्यांच्या दुकानातला तो तरुण लांबूनच ओरडतो, "आले रेनकोट काका." आज त्याच्याकडे एक जोडपं वाद घालत होतं. बायकोला पारदर्शक हवा होता, नवऱ्याला काळा. त्याने मला मध्ये ओढलं. "यांना विचारा. हे पाण्याचे मास्तर आहेत."

मी म्हटलं, सायकल चालवणार असाल तर पारदर्शक टोपीचा घ्या, मान वळवली की बाजूचं दिसतं. पीव्हीसी उन्हात टांगू नका, कडक होऊन भेगा पडतात. कुठलाही घडी घालून ठेवू नका, टांगून ठेवा. आणि इस्त्री कधीही फिरवू नका.

"इस्त्री कोण फिरवणार रेनकोटला?" बायको म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने.

घरी आल्यावर वाटलं, दादाला जाऊन सात महिने झाले आणि मी बाजारात हसत फिरतो आहे, तेसुद्धा त्याचाच रेनकोट जाळून. हातपाय धुतले. आरशात पाहिलं तर चेहरा अजून हसल्यासारखाच होता.

२० तारीख, शुक्रवार

एकोणीस दुकानं. नाही मिळालं. पाच दिवस उरले.

पर्याय तयार ठेवला आहे. लेप दिलेलं नायलॉन, शिवणींवर पट्टी, टिपकागदावर एकही डाग नाही. निर्विवाद पहिला क्रमांक. पण सगळ्यांत मोठ्या मापाची बाहीसुद्धा खारीच्या मनगटाआधी संपेल. आणि मुख्य म्हणजे तो दादाने शिवलेला नाही. हा गुण कुठल्या रकान्यात लिहायचा?

दादाची वस्तू म्हणून तिने एवढी एकच मागितली होती.

उद्या सांगतो तिला.

२१ तारीख, शनिवार

सांगायला जायच्या आधी तीच आली. दार उघडंच होतं, कारण ओल्या रेनकोटांना वारा लागावा म्हणून मी हल्ली ते उघडं ठेवतो. ती उंबऱ्यात थांबली. दोरीवर अकरा रेनकोट, बारावा दादाचा.

"काका, हे काय? संप आहे का रेनकोटांचा?"

मी उठून दादाच्या रेनकोटची डावी बाही तिच्या पुढे धरली. बोलणं तयार केलं होतं, चार वाक्यं, पण एकही आलं नाही.

तिने भोकात बोट घातलं. मग मूठ घातली. मग भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"इस्त्री?"

मी मान हलवली.

"आई म्हणालीच होती. आठ तारखेलाच. म्हणाली, भावजींनी नक्की इस्त्री फिरवलीय, तू काही विचारू नकोस, ते आपण होऊन सांगतील." मग तिने दोरीकडे पाहिलं, वही पाहिली, स्क्रूगेज पाहिलं, बादलीत तरंगणारे तुकडे पाहिले. "आणि तू यासाठी एवढं सगळं फिरलास?"

"एकोणीस दुकानं."

ती माझ्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. दादासारखी हसते, खांदे हलवत, आवाज न करता. हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं होतं रागावेल. रागाची तयारी होती, या हसण्याची नव्हती.

"उद्या जेवायला येताना भोक घेऊन ये," ती म्हणाली. "आणि काका, कात्री आण. तुझी लॅबची, धारवाली."

कात्री कशाला, ते सांगितलं नाही.

२२ तारीख, रविवार

हे सावकाश लिहितो.

गेलो तर टेबलावर ताटं मांडलेली नव्हती. वहिनी आणि खार दोघी उभ्या. वहिनी दादाच्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "मी बारा वर्षं पाळला हो शब्द. आता पोरीला भिजत ठेवून पाळायचा का?" आणि निळ्या चौकटीचं कापड एका झटक्यात ओढलं.

खाली फिका हिरवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ. मऊ. तीन कडांना अननसांची ओळ. एका कोपऱ्यात अर्धा अननस, मधून कापलेला.

मी रेनकोटचा आतला खिसा बाहेर काढून त्या अर्ध्याशेजारी ठेवला. पूर्ण अननस झाला.

खिशात स्क्रूगेज होतं. मी ते काढलं. का काढलं माहीत नाही, काहीतरी करायला हवं होतं. ०.३०.

गेली बारा वर्षं दर रविवारी माझी कोपरं या कापडावर असत.

वहिनी बोलायला लागल्या. "आठ माणसांच्या टेबलाचा होता. मी हौसेने आणलेला. टेबल चार माणसांचं, म्हटलं पुढे मोठं घेऊ. एकदासुद्धा अंथरला नव्हता. मी दोन दिवस माहेरी गेले, तेवढ्यात यांनी मधोमध कापून रेनकोट शिवला. आल्यावर बघते तर काय, आरशासमोर उभे. मला म्हणतात, बघ, बाह्या पुरल्या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? चार दिवस मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही. उरलेला टेबलाला पुरला, तो अंथरला. येणारा-जाणारा हसेल म्हणून वर हे कापड घातलं."

"पण मला का नाही सांगितलं?"

वहिनींनी खारीकडे पाहिलं. खारीने कपाटातून एक घडी घातलेला कागद आणला. प्रयोगाच्या वहीचं पान. माझं अक्षर.

"नमुना: प्लास्टिकचे कापड, हिरवे. थंडीत कडक होत नाही. पाण्यावर तरंगते. वास नाही. ताणल्यास फाटत नाही. रेनकोटसाठी अत्युत्तम. असे कापड सामान्य बाजारात सहजी मिळत नाही." खाली माझी सही, हुद्दा आणि शाळेचा शिक्का.

"ते तुम्हाला सांगायलाच आले होते त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या. "गंमत म्हणून. तुकडा हातात द्यायचा, काय म्हणता बघायचं, मग सांगायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. तर तुम्ही तुकडा ठेवून घेतलात, आणि तीन दिवसांनी हे. शिक्क्यासकट. तुमचे दादा घरी आले ते हसेनात. कागद दोनदा वाचला. मला म्हणाले, धाकट्याने सही केली आहे, आता हा टेबलक्लॉथ राहिला नाही."

मी कागद बघत राहिलो.

"धाकट्याला कळलं तर त्याला लाज वाटेल, म्हणून शब्द घेतला माझ्याकडून. पण नुसतं तेवढंच नव्हतं हो. हा कागद कायम त्या अननसाच्या खिशात असायचा. पाऊस लागला की लोकांना काढून दाखवायचे. धाकटा भाऊ प्रयोगशाळेत आहे माझा, म्हणून. खारीने रेनकोट तुमच्याकडे नेला, त्याच्या आदल्या दिवशी मी काढून ठेवला."

"आणि मला तर शाळेतच कळलं होतं," खार म्हणाली. "वर्गातल्या एकीच्या घरी अख्खा होता. मी म्हटलं, वा, तुमच्या टेबलाला रेनकोट आहे."

पहिल्या हसल्या वहिनी. मग आम्ही तिघंही. मला हसताना रडू आलं, ते मी आवरलं नाही. वहिनींनी पाणी दिलं, आणि माझ्या हातून ते टेबलावर सांडलं. थेंब गोल होऊन अननसांवरून घरंगळत गेले. एक थेंब मुरला नाही.

"अत्युत्तम," खार म्हणाली.

कात्री मी चालवली. कुठून कापायचं, तर वहिनी म्हणाल्या दादाच्या जागेसमोरून, तिथे कोणाचं ताट नसतं. मी कोरा भाग कापणार होतो. खार म्हणाली, नाही, अननस घे, पूर्ण. इस्त्री वहिनींची. मी हात लावायला तयार नव्हतो. वहिनींनी माझ्या हातात दिली आणि मध्ये बटर पेपर ठेवला.

"तुमचे दादा मध्ये कागद ठेवायचे. तुम्ही इस्त्री पाहिलीत, कागद पाहिला नाहीत."

आधी छोट्या तुकड्यावर करून पाहिलं.

२३ तारीख, सोमवार

व्यापाऱ्यांकडे जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, "दहा दिवस लागले? मी तर त्या रविवारीच समजेल म्हणून धरून चाललो होतो."

येताना सायकलच्या दुकानापासून तिसरं दुकान पाहिलं. घरगुती सामानाचं. दारातच टेबलक्लॉथच्या गुंडाळ्या उभ्या, मीटरवर मिळतं. द्राक्षं होती, लिंबं होती, हिरवा कोरासुद्धा होता. मोजला. ०.३०. या दारावरून मी निदान सहा वेळा गेलो आहे. एकोणीस दुकानांत हे धरलेलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नातीला पिवळा दिला. बाकीचे ज्याला ज्याचं माप बसेल त्याला. नायलॉनचा मी ठेवला. माझ्या बाह्या पुरतात.

२५ तारीख, बुधवार

खार गेली. बसस्टँडवर ऊन होतं, तरी रेनकोट घालून उभी. डाव्या बाहीवर अननस. लोक वळून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "काढ गं, उकडेल." ती म्हणाली, "बाबा ऊन बघून काढायचे का?" खरंच, तो काढायचा नाही.

कागद तिने खिशात ठेवला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मीच दिली.

बस गेल्यावर वहिनींनी विचारलं, "रविवारी येणार ना?"

म्हटलं, येतो.

२९ तारीख, रविवार

वहिनींनी निळं कापड परत घातलेलं नाही. अननस उघडेच. दादाच्या जागेसमोर तळहाताएवढं लाकूड दिसतं. मी आज त्या खुर्चीवर बसलो. वहिनींनीच ताट तिथे मांडलं होतं. फक्त "तिथे पाणी सांडू नका, तेवढंच लाकूड आहे," एवढं म्हणाल्या.

जेवताना खारीचा फोन आला. चार दिवस पाऊस, आत एक थेंब नाही. तिचे साहेब तीस वर्षं नदीवर काम करतात, खात्याचे रेनकोट दोन वर्षांत तडकतात म्हणून वैतागलेले. त्यांनी बाही हातात घेऊन पाहिली आणि विचारलं की हे कापड कुठल्या दुकानात मिळतं, सगळ्यांसाठी मागवायचं आहे.

"काय सांगू काका? ते इथेच उभे आहेत."

वहिनी घास हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. दुकान मला माहीत होतं. सायकलवाल्या बाईंपासून तिसरं.

म्हटलं, "त्यांना सांग, सामान्य बाजारात सहजी मिळत नाही. आणि कागद दाखव."